बाकी पाच

सरांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला होता, चार घड्या घातलेला कागद अर्धा बाहेरही आला होता, आणि तेवढ्यात मी उत्तर सांगून टाकलं. 'अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस.' सर म्हणाले, 'बरोबर.' कागद परत आत गेला. मग त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली, कितवीत आहे, कुठल्या शाळेत आहे, जे त्यांना गेल्याच आठवड्यात सांगून झालं होतं. मीही पुन्हा सांगितलं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. रंकाळ्याच्या पाण्याला तो दिवस मावळतानाचा शेवाळी वास येत होता, संध्यामठ निम्मा पाण्यात होता, आणि पदपथावर भाजक्या शेंगांच्या गाडीपाशी कुणाचं तरी पोर फुग्यासाठी रडत होतं. मी 'येते सर' म्हणून निघाले. टॉवरपर्यंत पोचेस्तोवर मला कळलं होतं की काहीतरी चुकलंय, फक्त काय ते कळत नव्हतं. उत्तर तर बरोबर होतं.

प्रश्न असा होता. सरांच्या शब्दांत: 'एक ते नऊ आकडे घ्यायचे, प्रत्येक एकदाच. नऊ आकडी संख्या करायची. पहिल्या दोन आकड्यांच्या संख्येला दोननं भाग गेला पाहिजे, पहिल्या तिनांच्या संख्येला तीननं, चारांच्या संख्येला चारनं, असं करत करत अख्ख्या संख्येला नऊनं. बाकी उरता कामा नये. कुठंच. बघ जमतंय का.' हे सगळं त्यांनी सावकाश, बोटं मोजत सांगितलं. आणि ते 'बघ जमतंय का' म्हणेपर्यंत माझा अंगठा मोबाइलवर फिरलाही होता. त्यात वाईट हेतू नव्हता. दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला कुणी काही विचारलं की बोटं आपोआप यंत्राकडं जातात. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: ३८,१६,५४,७२९. खाली असंही लिहिलेलं होतं की अशी संख्या ही एकच. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. शाळेत कधी पहिला हात माझा वर गेला नव्हता, त्याचं उट्टं तीस वर्षांनी निघाल्यासारखं वाटलं असावं. थोडं वाटलंच.

सरांचं 'बरोबर' हे तेव्हा कमवावं लागायचं. आमच्या वर्गात पन्नासएक पोरं होती आणि सर प्रत्येकाची वही घरी न्यायचे. उत्तर चुकलं तर फुली नसायची. जिथं पाय घसरला त्या ओळीभोवती लाल शाईचं छोटं वर्तुळ असायचं, आणि कधीकधी उत्तर बरोबर असूनही मधे कुठंतरी ते वर्तुळ असायचंच. 'उत्तर आलं गं, पण हितनं कसं आलीस?' असं विचारायचे. त्या काळी मला तो अन्याय वाटायचा. सहलीच्या एसटीत ते समोरून येणाऱ्या गाड्यांचे नंबर वाचायला लावायचे. एमएच ०९, पुढं चार आकडे. त्या चार आकड्यांची मोठ्यात मोठी संख्या करायची, लहानात लहान करायची, वजाबाकी करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच. चारही आकडे सारखे नसले तर कुठल्याही गाडीवरनं निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ला पोचताच. ३८५२ नंबरचा ट्रक आला तर पहिल्याच फटक्यात: ८५३२ वजा २३५८. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी हे शोधलं, एका मास्तरानं, हे सर प्रत्येक सहलीला सांगायचे, आणि 'मास्तरानं' या शब्दावर जरा जास्तच जोर द्यायचे. आम्ही पोरी खिडकीतनं बाहेर बघत तोंडात हसू दाबायचो. पण पन्हाळ्याचा घाट संपेपर्यंत वजाबाक्या चालू असायच्या.

माझ्या घरात आकड्यांचा वास गुळाचा होता. हे अलंकारिक नाही. आप्पा शाहूपुरीत एका अडत दुकानात दिवाणजी होते आणि त्यांच्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटायची. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की गाड्यांवर गाड्या गुळाचे रवे उतरायचे, बारदानावर मुंगळे, हमालांच्या पाठीला चिकटपणा, आणि गल्लाजवळच्या बैठकीवर मांडी घालून आप्पा शेतकऱ्यांच्या पट्ट्या करत असायचे. इतके रवे, इतकं वजन, सौद्यात फुटलेला हा दर, त्यातनं हमाली वजा, तोलाई वजा, अडत वजा. पाढे त्यांना तिसापर्यंत तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतीनचा पाढा म्हणणारा माणूस मी त्यांच्यानंतर पाहिला नाही. प्रत्येक गुणाकाराखाली ते कोपऱ्यात बारीकसा एक आकडा टाकायचे. तो ताळा. आकड्यांची बेरीज करायची, बेरजेची पुन्हा बेरीज, एक आकडा उरेपर्यंत, आणि दोन्ही बाजू जुळतायत का बघायचं. नवाचा ताळा. मला अक्षरं कळायच्या आधी तो कळत होता, कारण संध्याकाळी आई स्वयंपाकाला लागली की मी दुकानात जाऊन बसायचे आणि आप्पा मला जुन्या पट्ट्या देऊन 'ताळा बघ' म्हणायचे. गुळाचा खडा हातात, आणि पाचा सात बारा, बाराचे एक दोन तीन.

एका संध्याकाळी रोजमेळात, म्हणजे दिवसाच्या जमाखर्चात, दोनशे सत्तर रुपये कमी भरले. तेव्हा ते पैसे मोठे होते. दुकानात चहा आणणारा, झाडलोट करणारा एक पोऱ्या होता, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. कुणी काही बोललं नाही, पण मालकांनी त्याला 'जाऊ नको अजून' म्हटलं आणि तो पायरीवर जाऊन बसला. मी आत होते. आप्पांनी गल्ला पुन्हा मोजला नाही. पट्ट्या पुन्हा तपासल्या नाहीत. ते कागदावर २७० लिहून त्याच्याकडं बघत बसले. बराच वेळ. मग म्हणाले, 'नव्वद त्रिक दोनशे सत्तर.' आणि किर्द, रोजच्या नोंदींची वही, उघडून बोट खाली खाली नेत एका नोंदीवर थांबले. पट्टी होती ५,७४२ ची, शेतकऱ्याला रोख दिलेही तेवढेच होते, किर्दीला मात्र चढले होते ५,४७२. सात आणि चार यांनी घरं बदलली होती. दोन्हींचा ताळा नऊच. म्हणून उतरवल्यावर आप्पांनी कोपऱ्यात टाकलेला आकडा तंतोतंत जुळला होता.

पोऱ्याला घरी जायला सांगितलं. त्याची माफी वगैरे कुणी मागितली नाही, तशी पद्धतच नव्हती.

घरी येताना आप्पांनी मला ते समजावून सांगितलं, दसरा चौकातनं चालत येताना, सायकल हातात धरून. दहाला नवानं भागलं तर बाकी एक, शंभराला भागलं तरी एक, हजारालाही एक. म्हणजे नवाच्या लेखी सात हा शतकाच्या घरात बसला काय आणि दशकाच्या घरात बसला काय, सातच. 'नवाला क्रम दिसत नाही,' ते म्हणाले. म्हणूनच शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नवानं भाग जातोच. दशक-शतकाची झाली तर नव्वदानं जातो, आणि भागाकार येईल तेवढाच त्या दोन आकड्यांमधला फरक. तीन आला, म्हणजे सात-चार शोधायचे, किंवा पाच-दोन, किंवा नऊ-सहा. त्यानंतर आप्पा नवाच्या शेजारी अकराचाही ताळा टाकू लागले: उजवीकडनं एक आकडा अधिक, पुढचा उणे, पुढचा अधिक. अकराला क्रम दिसतो. ५,७४२ ला अकरानं पूर्ण भाग जातो, ५,४७२ ला जात नाही, बाकी पाच उरते. त्या दिवशी अकरा टाकला असता तर तो पोरगा पायरीवर बसला नसता. हे आप्पा बोलले नाहीत. पण पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या वहीत प्रत्येक उतरवणीखाली दोन बारीक आकडे दिसायचे, आणि दुसरा जरा दाबून लिहिलेला असायचा.

आता मी जिथं बसते तिथं ताळा कुणी टाकत नाही, तो संख्येच्या पोटातच असतो. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा हा आधीच्या अकरांचा पहारेकरी. व्हर्हूफ नावाच्या डच गणितीनं १९६९ साली मांडलेल्या रीतीनं तो काढतात. एक आकडा चुकला तरी तो ओरडतो, शेजारचे दोन उलटेपालटे झाले तरी ओरडतो. आप्पांना दोन ताळे लागायचे ते काम एकच आकडा करतो. काउंटरपलीकडचे आजोबा 'एकोणसत्तर' म्हणतात आणि नवी आलेली मुलगी ७९ दाबते, पडद्यावर लाल पट्टी येते, आजोबा घाबरून जातात की आपलं कार्डच खोटं ठरलं. मराठीत एककाचं नाव आधी घेतात आणि लिहिताना मागनं येतं, त्यात हे 'एकोण'. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' छापून आलं तेव्हा आमच्या बँकेत चहाच्या वेळी मोठी हाणामारी झाली होती. मी 'एकवीस'च्या बाजूनं भांडले. पण एकोणनव्वद टाकताना माझंही बोट क्षणभर थबकतं, हे तेव्हा कबूल केलं नाही.

तर त्या रात्री भांडी आवरल्यावर मी डायनिंग टेबलवर जुन्या दिनदर्शिकेचं पान उलटं घालून बसले. सरांचा अर्धा बाहेर आलेला कागद डोळ्यांपुढनं हलत नव्हता. त्यांना मला उत्तर विचारायचंच नव्हतं, ते त्यांच्या खिशात होतं. त्यांना वाट दाखवायची होती, आणि मी वाटेवर पाऊल न टाकता मुक्कामाचं नाव सांगून मोकळी झाले होते. आता उत्तर ठाऊक असताना ते ठाऊक नसल्यासारखं करायचं हे भलतंच अवघड निघालं. भरल्यापोटी भूक लागल्याचं सोंग करावं तसं.

नऊ चौकोन काढले. पाचव्या घरात पाच, यात विचार करण्यासारखं काही नाही. पाचनं भाग जायचा तर शेवटी पाच किंवा शून्य हवा आणि शून्य आपल्याकडं नाही. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या घरात सम आकडेच हवेत, आणि सम आकडे आहेतच चार. म्हणजे उरलेल्या चार घरांत एक, तीन, सात, नऊ. एवढ्या दोन वाक्यांत केवढी गर्दी पांगली बघा: नऊ आकड्यांच्या एकूण मांडण्या ३,६२,८८०, आणि आता उरल्या फक्त ५७६. मला हे बघून अंबाबाईच्या देवळात नवरात्रातली रांग एकदम पुढं सरकते त्याची आठवण झाली. पुढं चौथं घर. चारनं भाग जातो की नाही ते शेवटच्या दोन आकड्यांवर ठरतं, आणि तिसरं घर विषम. विषम आकड्यापुढं चार किंवा आठ ठेवला तर भाग जात नाही: चौदा, अठरा, चौतीस, अडतीस, एकालाही नाही. दोन आणि सहाच चालतात. आठव्या घरालाही हेच लागू, तिथं तर आठनं भाग हवा. म्हणजे दोन आणि सहा ही जोडी चौथ्या-आठव्या घरात, चार आणि आठ दुसऱ्या-सहाव्यात. कोण कुठं ते अजून नाही, पण वाडा कुणाचा ते ठरलं.

मग तीन. पहिल्या तीन आकड्यांची बेरीज तिनाच्या पटीत हवी. पहिल्या सहांचीही हवी, कारण सहानं भाग जायचाय. म्हणजे मधल्या तिघांची, चौथ्या-पाचव्या-सहाव्याची, आपोआप तिनाच्या पटीत आली. मधे पाच बसलेलाच आहे. अलीकडं दोन असेल तर पलीकडं आठच लागतो, अलीकडं सहा असेल तर चार. दोनशे अठ्ठावन्न किंवा सहाशे चोपन्न. तिसरं काही नाही. इथं मी पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायले. पावणेबारा वाजले होते, गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती, आणि मला शाळेत कधी झाला नव्हता असा आनंद झाला होता. संख्येच्या बरोब्बर मध्यभागी दोनच पर्याय उरलेत आणि ते मी शोधलेत. मुलगा पाणी प्यायला उठला, कागद बघून म्हणाला, 'आई, कोड लिही ना, दोन ओळींचं काम आहे.' मी त्याला झोपायला पाठवलं.

दोनशे अठ्ठावन्नच्या अंगानं जावं तर आठनं भाग जाण्याची अट सातव्या घरात एक किंवा नऊ एवढेच ठेवते, एक घेतला तर पहिल्या तिघांची बेरीज तिनाच्या पटीत येत नाही, म्हणून नऊ, आणि मग पहिली सात घरं दोनच रीतींनी भरता येतात. सहाशे चोपन्नच्या अंगानं आठ. एकूण दहा संख्या, सात-सात आकडी. आता राहिला सात. दोनाची आणि पाचाची खूण शेवटच्या आकड्यात, चाराची शेवटच्या दोनांत, आठाची तिनांत, तीन आणि नवाची बेरजेत. साताची अशी सोयीची खूण नाही. सातासमोर बसून भागावंच लागतं. १४,७२,५८९: बाकी सहा. ७४,१२,५८९: बाकी दोन. दोनशे अठ्ठावन्नचं घराणं संपलं. १८,३६,५४७: बाकी सहा. ३८,१६,५४७: सात पंचे पस्तीस, अठ्ठावीस, पस्तीस, चौदा, चौदा, सात. बाकी काही नाही. उत्तर पाठ होतं, तरी तो शेवटचा सात सातानंच सुटताना बघून अंगावर काटा आला. पुढं दोन ठेवला, आठनं भाग. उरलेला नऊ ठेवला, नऊनं भाग, ४,२४,०६,०८१. त्या भरात मी या भागाकाराला आणखी कशानं भाग जातो तेही बघितलं, आणि एकोणीसनं गेला! २२,३१,८९९. हे कुणी मागितलं नव्हतं, अटीत नव्हतं, आप्पांचा एकोणिसाचा पाढा सहज तोंडात आला म्हणून कळलं इतकंच. पुढं काही मी खणलं नाही, झोपले.

या संख्येबद्दल मला सगळ्यांत काय आवडलं असेल तर ती शेवटी बरोबर आहे हे नव्हे. ती कुठंही थांबवली तरी बरोबर आहे. तीनला थांबा, अडतीसला थांबा, तीनशे एक्याऐंशीला थांबा. दर पावलाला तिचा हिशेब चुकता असतो. दोन दिवसांनी किरणोत्सव होता आणि देवळात दाटीत उभी असताना मला तेच दिसायला लागलं. महाद्वारातनं आलेलं ऊन गरुड मंडपातनं पुढं येतं, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन, मग देवीचे पाय. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवशी मुख. ढग आला, धुकं आलं, वाटेत कुणाची भिंत आली की ते जिथं असेल तिथं विझतं. मागच्या सगळ्या पायऱ्या नीट चढून आलेलं असलं तरी. लहानपणी एकदा चांदीच्या उंबऱ्यावर ऊन असं विरून गेलेलं मी आईच्या कडेवरनं पाहिलंय; सगळं देऊळ एकदम 'अरेरे' म्हणालं आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी म्हणालं, 'उद्या.'

अशा संख्या आणखी किती लांब जाऊ शकतात तेही मी नंतर बघितलं. आकडे पुन्हा वापरायची मुभा दिली आणि शून्य घेतलं तर सगळ्यांत लांबची संख्या पंचवीस आकडी आहे: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. सव्विसावा आकडा कुठलाही लावा, सव्विसनं भाग जात नाही. तिथं ती संपते. का संपत असावी हे आप्पांच्या भाषेत सांगता येतं. दहाव्या घरापर्यंत योग्य आकडा मिळतोच मिळतो, कारण पुढं ठेवायला दहा आकडे हाताशी आहेत आणि दहा सलग संख्यांत दहाच्या आतल्या कुणाचीही पट सापडतेच. अकराव्या घरापासनं मात्र हात आखूड पडायला लागतो. आकडे दहाच, आणि भागणारा मोठा मोठा होत चाललेला. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा घरांची नावं सांगितली, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी; आप्पा ती एका दमात म्हणायचे आणि कोटीच्या पुढं आमच्या घराण्यात कुणाचं काम पडलेलं नाही असंही म्हणायचे. ही संख्या परार्धाच्याही पुढं सात घरं जाते. तिथल्या घरांना त्या यादीत हाक मारायला नाव नाही, तरी ती दर पावलाला चोख असते. मला त्याची थोडी भीतीच वाटली.

शनिवारी मी कागद घेऊन रंकाळ्यावर गेले. सर कठड्यावर नेहमीच्या जागी होते, शेजारी भेळेचा पुडा. मी काही न बोलता दिनदर्शिकेचं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा बदलला. वरनं खाली वाचलं, मधे एकदा 'हं' केलं, दोनशे अठ्ठावन्नपाशी. मी वाट बघत होते, एवढं वय झालं तरी.

'सर, तुमचा कागद कुठाय?' मी विचारलं. 'त्या दिवशीचा.'

'कुठला?' त्यांनी खिसा चाचपला. 'धोब्याकडं गेला वाटतं शर्टाबरोबर. असू दे. हितं दहा लिहिल्यास. भागाकार चारच दिसतायत.'

'चौथ्याला भाग गेला ना.'

'गेला की. मग उरलेल्या सहांना जात नाही कशावरनं?'

मी म्हटलं, मोबाइलवर लिहिलं होतं, एकच आहे म्हणून. सर म्हणाले, 'मोबाइलला माहिताय. तुला कुठं माहिताय?' आणि माझ्या चौथ्या भागाकाराभोवती नाही, त्याच्या खालच्या मोकळ्या जागेभोवती त्यांनी पेनानं वर्तुळ काढलं. लाल शाई नव्हती, पण वर्तुळ तेच.

मग भेळेच्या कागदाची कोरी बाजू वर करून मी कठड्यावर भागाकार करत बसले. तेलाच्या डागावर पेन उठत नव्हतं. १८,९६,५४७, बाकी दोन. ९८,१६,५४७, बाकी सहा. पुढच्या संख्येला हात घालणार तोच सर म्हणाले, 'पुन्हा पहिल्यापासनं कशाला? ही वरच्यापेक्षा चारनं कमी. बाकीतनं चार काढ.' काढले. १८,९६,५४३, दोनातनं चार जात नाहीत, सात घेऊन पाच. ९८,१६,५४३, सहातनं चार गेले, दोन. ७८,९६,५४३, ही भागावी लागली, बाकी चार. दिवे लागले होते. फिरणाऱ्यांतलं कुणी ओळखीचं थांबलं, 'काय सर, शिकवणी काय?' म्हणालं, आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेलं.

शेवटची राहिली ती मी घरीही मुद्दाम शेवटी लिहिली होती. ९८,७६,५४३. नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, जिना उतरल्यासारखी. पुढं दोन आणि एक ठेवा, उलटी मोजणी पूर्ण. अठ्ठ्याण्णवला दोननं भाग जातो. नऊशे सत्त्याऐंशीला तीननं. चारनं, पाचनं, सहानं, सगळं ठीक. पुढं आठनंही जातो, नऊनंही जातो. फक्त हे एक घर. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की जावा हिला भाग, मोबाइल खोटा पडला तरी चालेल. सरही पुढं वाकून बघत होते. सात एके सात, सात चोक अठ्ठावीस, सात एके सात, मधे एक शून्य.

'किती?' सरांनी विचारलं.

'पाच,' मी म्हटलं.

सरांनी भेळेचा पुडा माझ्याकडं सरकवला.